छाया मगदूमचा खो

छाया मगदूमच्या घरात शांतता झाली की सगळी हातातलं काम सोडून दाराकडे बघायची. घर म्हणजे इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडला चिकटलेली एक खोली. भिंतीपलीकडे दिवसरात्र माग खडखडायचे. त्या खडखडाटात छाया आणि तिची दोन धाकटी भावंडं जेवली, झोपली, पाढे पाठ केले. आवाज चालू म्हणजे वडिलांचं काम चालू, आणि काम चालू म्हणजे संध्याकाळी भाकरी. लाईट गेली आणि माग थांबले, की घरातलं मांजरसुद्धा काळजीनं दाराकडे बघत बसायचं, असं छाया सांगते. मांजर खरंच होतं का, याबद्दल मला शंका आहे. ज्या घरात उंदरालाही काही मिळत नव्हतं, तिथे मांजर कशाला थांबेल?

आई घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी तयार करायची. त्या कांड्या टोपलीत घालून शेडमध्ये पोचवायचं काम थोरली म्हणून छायाकडे. दोन मागांच्या मधल्या बोळातून, फिरत्या पट्ट्याला फ्रॉक लागू न देता, इकडून वाकून तिकडून निसटत ती पळायची. शाळेतल्या खेळाच्या सरांनी पुढे तिला खो-खोत घेतलं, तेव्हा ही पोरगी अशी वळते कशी, याचं त्यांना नवल वाटलं. मात्र खो-खो का धरला याचं कारण छाया स्वतः फार सरळ सांगते. "खेळाची आवड बिवड काय नव्हती बघ. प्रॅक्टिस झाल्यावर सर एकेक उकडलेलं अंडं द्यायचे."

छाया आणि मी कोल्हापुरात एका हॉस्टेलवर, एका खोलीत राहिलो. ती फिजिओथेरपीला, मी सायन्सला. माझे वडील सांगोल्याच्या स्टँडवर शेंगा विकायचे आणि मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी दर दहा मिनिटांनी सांगते, असं माझा नवरा मिलिंद म्हणतो. तो पुण्याचा. त्याच्याकडे आजोबा, पणजोबा सगळे पदवीधर, त्यामुळे त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. मला वाटतं. छायालाही वाटतं. पण हे पान तिचं आहे, तेव्हा माझं एवढंच.

फिजिओथेरपीत ती कशी गेली? अकरावीत गुडघा दुखावला. सरकारी दवाखान्यातल्या एका बाईंनी महिनाभर व्यायाम करून घेऊन तिला पुन्हा पळती केली. माणसाला चालायला लावायचं, आणि वर त्याचा पगारही मिळतो, हे ऐकून छाया चाट पडली. बारावीचे मार्क चांगले होते, त्यात खेळाचे वाढीव गुण पडले आणि मगदूमांची मुलगी कॉलेजात गेली.

हॉस्टेलवर ती अभ्यास करायची तोही खो-खोत बसतात तसा, उकिडवा, एक पाय पुढे, हाताची बोटं जमिनीवर, पुस्तक समोर. रेक्टरबाई पहिल्यांदा खोलीत आल्या तेव्हा त्यांना वाटलं, हिचं काहीतरी कॉटखाली गेलंय. त्याही वाकून शोधायला लागल्या. छाया त्यांना म्हणाली, "मॅडम, काय हरवलं नाही, मी मणका पाठ करतोय." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'करतो', 'जातो'च म्हणतात. रेक्टरबाई विदर्भातल्या. त्या दोन्हींमुळे गोंधळून निघून गेल्या.

विद्यापीठाच्या संघात ती चार वर्षं खेळली, शेवटचं वर्ष कॅप्टन म्हणून. तिची खासियत खांबावरची. पळणारी खेळाडू खांबाला वळसा घालायला गेली की ही पाठीमागून आडवी सूर मारायची आणि खांबाला एका हातानं धरून दुसऱ्या हातानं गडी बाद करायची. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात असाच सूर मारला. गडी बाद झाला, सामना जिंकला आणि छायाचा समोरचा अर्धा दात खांबाला लागून गेला. सगळ्या पोरी चषक घेऊन नाचत होत्या आणि कॅप्टन मातीत दात शोधत होती. तो सापडला नाही. घरी पाठवायच्या फोटोत तिनं तोंड घट्ट मिटलं. फोटो बघून आईनं शेजारच्या दुकानातून हॉस्टेलला फोन केला आणि काळजीनं विचारलं, जिंकलाय ना तुम्ही, मग तोंड का पाडलंय?

तो दात तिनं आजवर बसवून घेतलेला नाही. हसली की तिरपी चीर दिसते. इंग्लंडातल्या तिच्या म्हाताऱ्या पेशंटांना ती चीर फार आवडते. प्रत्येकाला ती दाताची वेगळी गोष्ट सांगते. एका आजोबांना सांगितलं होतं की पेशंटनं ठोसा मारला. ते पुढे व्यायामाच्या वेळी अतिशय नम्रपणे वागले.

मिलिंदच्या नोकरीमुळे मी साउथहॅम्प्टनला आले. त्यानंतर काही वर्षांनी छाया इथल्या हॉस्पिटलात फिजिओ म्हणून आली. हाड मोडलेल्या, ऑपरेशन झालेल्या वयस्कर माणसांना घरी पाठवण्याआधी काही आठवडे जिथे ठेवतात, अशा रिहॅब युनिटमध्ये तिची नेमणूक झाली. बस ड्रायव्हर सगळ्यांना 'माय लव्ह' म्हणतात ते तिनं पहिल्याच आठवड्यात उचललं आणि सरसकट वापरायला सुरुवात केली, पेशंटला, सफाईवाल्याला, मोठ्या डॉक्टरांनाही. "अप, माय लव्ह, अप," हा तिचा आवाज वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणते, "दिवसभर बसलेल्या माणसांना उठवतोच की. घरी आणि एक कशाला बसवून ठेवू?"

आमच्या मराठी मंडळाला ती आली त्या वर्षी गणपतीत पहिला धक्का बसला. मंडळाची रीत अशी, की आरती झाली की पुरुष खुर्च्यांवर बसतात आणि क्रिकेटवर बोलतात. बायका पानं वाढतात आणि पुरुषांवर बोलतात. छाया हळूच एका खुर्चीमागे गेली, त्या गृहस्थांच्या पाठीवर सणसणीत हात ठेवला आणि म्हणाली, "खो." ते दचकून उभे राहिले. खो-खोत खो देणारा उठलेल्याच्या जागी बसतो. छाया त्यांच्या खुर्चीत बसली आणि वरणाच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. बिचारे वरण वाढायला गेले. पंगत संपेपर्यंत त्यांनीही दुसऱ्या कोणाला तरी खो दिला होता आणि वाढपी म्हणून बँकेतले दोन अधिकारी, एक भूलतज्ज्ञ आणि मिलिंद कामाला लागले होते.

पुढच्या कार्यक्रमाला लोक भिंतीला पाठ लावून बसायला लागले. चर्चच्या ज्या हॉलमध्ये आम्ही जमतो, तिथल्या केअरटेकरनं मला विचारलं की तुमच्या धर्मात मधल्या जागेत बसणं अशुभ आहे का?

रविवारी सकाळी कॉमनवर, म्हणजे गावातल्या मोठ्या मोकळ्या मैदानावर, तिचा खो-खो चालायचा. आमची मुलं, त्यांचे शाळेतले गोरे, काळे, पोलिश मित्र, कधी कुत्रं फिरवायला आलेलं कोणी. खेळ त्यांना एका सकाळीत आला. अडचण वेगळीच होती. इथली मुलं कोणाच्या अंगाला हात लागला की माफी मागतात. त्यामुळे सगळी साखळी "सॉरी, खो", "सॉरी, खो" करत चालायची, आणि उठणारा जाताना "थँक यू" म्हणायचा. तेवढ्यात पळणारा गडी मैदानाबाहेर जाऊन सँडविच खाऊन परत येईल. छाया कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग मला म्हणाली, "रेखे, इतका सभ्य खो-खो मी जन्मात बघितला नव्हता." आजही कॉमनवर तो तसाच खेळला जातो.

आता गुप्ते काकांचं सांगते. कारण छाया काय आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

गुप्ते काका जहाजावर मरीन इंजिनियर होते. तरुणपणी इथल्या बंदरात नोकरी लागली आणि ते इथलेच झाले. नवीन कोणीही साउथहॅम्प्टनला आला की पहिलं जेवण गुप्त्यांकडे, हा शिरस्ता. काका दार उघडायचे, "या, या" म्हणायचे, कोट घ्यायचे, सोफ्यावर बसवायचे. मग काकू पाणी आणायच्या, चहा आणायच्या, जेवायला वाढायच्या, आणि काका उठायला लागले तर म्हणायच्या, "तुम्ही बसा हो." काकू गेल्यानंतर मंडळातल्या बायकांनी तेच काम वाटून घेतलं. काकांना डबा जायचा. तो फक्त गरम करायचा, तेवढं त्यांना जमायचं.

तर हे काका जिन्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं आणि ते छायाच्या युनिटमध्ये आले. पहिल्या काही दिवसांत वॉकर धरून ते दारापर्यंत चालत होते. छाया खूश होती.

मग आम्ही भेटायला जायला लागलो.

व्हॉट्सअॅपवर पाळ्या लावल्या. रोज दुपारी भेटीच्या वेळेला दोघं-तिघं जात. काकांनी चपलेकडे पाहिलं की कोणीतरी वाकून चप्पल त्यांच्या पायात घाली. पाण्याकडे पाहिलं की ग्लास ओठांपाशी. उठायला लागले तर सगळे एका सुरात, "काका, तुम्ही बसा, आम्ही आहोत ना." वडीलधारा माणूस उठतोय आणि आपण बसलोय, हे आपल्याच्यानं बघवत नाही. तसं वळणच आहे आपलं. साने काकू मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ, त्या तर उशा झटकून परत लावून देत. काका हळूहळू उठायचेच बंद झाले. सकाळी छायाबरोबर चार पावलं टाकत, आणि दुपारी आम्ही पोचलो की सिंहासनावर बसल्यासारखे बसत.

अशात त्यांची किचनची परीक्षा आली. एकट्यानं राहणाऱ्या माणसाला घरी सोडण्याआधी इथे युनिटच्या स्वयंपाकघरात त्याला एक कप चहा करायला सांगतात. उभं राहता येतं का, गरम पाणी सांभाळता येतं का, काय आधी, काय नंतर याचं भान आहे का, हे त्यावरून बघतात. परीक्षा घेणारी मेगन नावाची वेल्श मुलगी होती, अत्यंत गोड. तिनं काकांपुढे विजेची किटली, मग, टी-बॅग, दूध, साखर ठेवली आणि म्हणाली, करा.

काकांनी आयुष्यात चहा केलेला नव्हता. पण काकूंना करताना त्यांनी लांबून पाहिलं होतं. दूध, पाणी, साखर, चहा सगळं एकत्र उकळतात एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी ते सगळं किटलीत घातलं, टी-बॅगसकट, आणि बटण दाबलं.

किटली उतू गेली. दूध ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर. काका वॉकर धरून उभे होते आणि इंग्रजीत म्हणाले, की तुमच्या या यंत्राचा सेफ्टी व्हॉल्व्ह सदोष आहे.

मेगननं लिहिलं, की पेशंटला घरी एकटं सोडणं धोक्याचं वाटतं, स्मरणशक्ती तपासावी. छाया तिच्याकडे धावत गेली. अगं, तो विसरलेला नाही, त्याला हे कधी येतच नव्हतं, आमच्याकडे त्या पिढीतला एकही पुरुष किटलीच्या वाटेला गेलेला नाही. मेगननं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ठीक आहे, विसरला नसेल, पण मग घरी गेल्यावर एकटा जगणार कसा? मला सांगताना छाया म्हणाली, "पोरगीचं बरोबर होतं गं. तेच तर वाईट."

काकांची मुलगी नीना अॅबर्डीनला असते. तिनं छायाला फोन केला. "छायाताई, बाबा एकटी कसं राहणार? माझ्या घराच्या जवळ एक होम आहे. खूप नाईस आहे. मी दोन वीकमध्ये येते आणि बाबाला घेऊन जाते." नीना इथेच वाढलेली, तिच्या मराठीत कोण बाई कोण बुवा याचा भरवसा नसतो. पण माया खरी होती आणि काळजीही. मधे तिला हसूही आलं. म्हणाली, छायाताई, तू पण माझ्यासारखंच चुकीचं मराठी बोलतेस ना, 'मी येतो' वगैरे? छायानं आपल्या तमाम जिल्ह्याच्या वतीनं ते ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर ती काकांपाशी जाऊन बसली. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं. तिनं विचारलं, तुम्हाला काय पाहिजे काका? खरं सांगा. काकांनी काकूंचा विषय काढला.

"चाळीस वर्षं ही म्हणाली, तुम्ही बसा. मी बसलो. मला वाटलं, हेच सुख." मग म्हणाले, "नीनाकडचं होम चांगलंच असेल. पण छाया, बेल वाजली की दार मला उघडायचंय. माझ्या घराचं."

छायानं माझ्या हातातला डबा घेतला आणि परत माझ्याच हातात दिला. "हा घरी ने," म्हणाली. "आणि उद्या सगळ्यांना तुझ्याकडे बोलव."

दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत मंडळातली सगळी जमली. छाया उभीच होती.

"तुम्ही लोक मायेनं त्या माणसाला लोळवायला लागलाय," ती म्हणाली. "उद्यापासून डबे बंद. उशा बंद. चपला बंद."

साने काकू म्हणाल्या, अगं, पण त्यांनी उठायचं आणि आम्ही बसून राहायचं, हे दिसतं कसं?

"वाईट दिसतंय काकू. दिसू दे."

मग आम्ही करायचं काय, असं मिलिंदनं विचारलं. तेव्हा छायानं जे सांगितलं ते तिलाच सुचू शकतं. ती म्हणाली, आजवर तुम्ही पेशंटला भेटायला जात होता, आता पाहुणे म्हणून जायचं. रिकाम्या हातानं जायचं. बसायचं. आणि वाट बघायची. दारी आलेल्या पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय ठेवणारा माणूस आपल्यात नाही, आणि गुप्ते काका तर मुळीच नाहीत. म्हणजे आपल्या एका रीतीनं त्यांना खाली बसवलं होतं, तर दुसरीनं उठवायचं.

पहिली पाळी साने काकू, मिलिंद आणि मी. पाण्याचा जग आणि ग्लास छायानं मुद्दाम खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले होते, काकांच्या खुर्चीपासून लांब. आम्ही तिघं ओळीनं बसलो. हवेबद्दल बोललो. मग पुन्हा हवेबद्दल बोललो. काकांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी त्यांनी विचारलं, "पाणी घेणार ना?"

"नको नको काका, आत्ताच पिऊन आलो," मिलिंद म्हणाला. पुणेकराच्या तोंडून दुसरं काय निघणार? पाणी म्हटलं की नको, हे त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांचं शिक्षण. छाया पडद्याआड उभी होती. ती मिलिंदला दाजी म्हणते, मोठ्या मानानं. त्याच मानानं तिनं मागून त्याच्या दंडाला चिमटा काढला. "दाजी, हो म्हणा."

"म्हणजे, हो," मिलिंद म्हणाला. "द्या काका. तहान लागलीय."

काकांनी सवयीनं आजूबाजूला पाहिलं. कोणी उठलं नाही. साने काकूंनी पर्स छातीशी धरून डोळे मिटले, त्यांचे ओठ हलत होते. काकांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धे उठले आणि परत बसले. माझे हात आपोआप पुढे गेले, ते मी मांडीखाली दाबले. काकांनी पुन्हा जोर लावला. उठले. वॉकर धरून टेबलापाशी गेले. तिथे पुढची पंचाईत. वॉकर दोन्ही हातांनी धरायचा, मग ग्लास कशानं आणायचा? आयुष्यभर जहाजांची इंजिनं सांभाळलेला माणूस, त्यानं तोडगा काढला.

"तुम्हीच इकडे या," ते म्हणाले. "टेबलाशी बसू."

मिलिंद तीन ग्लास पाणी प्यायला. साने काकू एक प्यायल्या आणि बाहेर येऊन रडल्या. छाया त्यांना जवळ घेऊन म्हणाली, रडू नका, उद्या परत तहान घेऊन या.

मग आठवडाभर सगळं मंडळ काकांकडे जाऊन पाणी पीत होतं. नर्सेसना वाटलं, भारतीयांचा काहीतरी उपवास चाललाय.

चहाचं अवघड गेलं. युनिटच्या स्वयंपाकघरात पातेलं वापरायची परवानगी छायानं मेगनकडून मिळवली. माणूस घरी जसा चहा करणार तसाच इथे करू दे, हे मेगनलाही पटलं. शिकवायला मंडळातल्या बायका आल्या आणि पहिला तास आलं कसं घालायचं यावरच गेला. आलं किसून की ठेचून, आधी की नंतर, गवती चहाशिवाय चहाला चहा म्हणावं का. छायानं सगळ्यांना बाहेर काढलं. आलंही बाहेर काढलं. काका वेगळेच. त्यांना नुसती कृती नको, कारण पाहिजे. साखर आधी का? झाकण का नाही? दूध वर येताना नेमकं काय होतं, हे त्यांनीच छायाला समजावून सांगितलं, आणि तेवढ्यात दूध वर आलं.

"काका, भाषण नंतर. गॅस बारीक करा की."

पातेलं टेबलापर्यंत न्यायचा प्रश्न चाकांच्या छोट्या ट्रॉलीनं सुटला, वॉकरसारखी ढकलायची. त्या ट्रॉलीत काकांनी दोन सुधारणा सुचवल्या. युनिटनं त्या ऐकून घेतल्या.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी नीना आलेली होती, होमच्या लोकांशी बोलून. आत फक्त काका आणि मेगन. छाया ओळखीची म्हणून तिला आत सोडलं नाही, आणि ते योग्यच होतं. आम्ही बाहेर कॉरिडॉरमध्ये. नीना खुर्चीवर, मी खुर्चीवर, आणि छाया भिंतीशी उकिडवी, युनिफॉर्ममध्ये. येणारेजाणारे तिला वळसा घालून जात होते.

आतून गाळणं पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी घरंगळलं. नीना ताडकन उठली. छायानं बसल्या जागेवरून तिचा हात धरला. "बस. पडलंय ते भांडं आहे, माणूस नाही. माणूस पडल्याचा आवाज मला माहीत आहे." आयुष्यभर लोकांना उठवत आलेल्या बाईला नुसतं बसून राहायचं होतं. तिला तेवढं कठीण काही करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. मेगन हातात कप घेऊन आली.

"त्यांनी मला बसायला सांगितलं," ती म्हणाली. "मी उभी राहून बघणार होते. ते म्हणाले, पाहुणे उभे राहत नाहीत. गाळणं पडलं, त्यांनी दुसरं काढलं. आणि चहा, सॉरी, फारच गोड आहे." मग तिनं नीनाकडे पाहिलं. "घरी जायला माझी हरकत नाही."

नीना रडली, हसली आणि छायाच्या गळ्यात पडली. म्हणाली, "बाबा जिंकली." छाया म्हणाली, "जिंकली की. लई भारी जिंकली."

त्यानंतर वर्षभरानं छायाला बर्मिंगहॅममध्ये नोकरी मिळाली, अशाच पण मोठ्या युनिटची प्रमुख म्हणून. तिच्या आईला फोनवर तिनं एवढंच सांगितलं, की आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. आईनं विचारलं, मग तू आता बसून काम करणार ना बाई एकदाची? छायानं विषय बदलला.

जायच्या आदल्या दिवशी ती आणि मी काकांकडे गेलो. बेल वाजवली आणि थांबलो. बराच वेळ काठीचा आवाज येत राहिला. मग दार उघडलं. "या, या," काका म्हणाले. कोट घेतले. पाणी दिलं. चहा केला. आलं घातलं होतं, ठेचून, साने काकूंच्या पद्धतीनं. छाया सोफ्यावर आरामात टेकून बसली होती, पाय पसरून. तिला असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. एकदाही उठली नाही.

निघताना काका फाटकापर्यंत पोचवायला आले. दारातून फाटकापर्यंत उतार आहे, आणि पावसानं फरशी ओली होती. मी हात पुढे करणार होते. छायानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढे चालायला लागली. मान न वळवता, फाटकाकडे तोंड करून, ती अगदी सावकाश चालत होती. मागून काठीचा आवाज येत होता. फाटकापाशी पोचल्यावर ती वळली, वाकून काकांच्या पाया पडली आणि अर्धा दात दाखवत हसली. "येतो काका," म्हणाली. काका फाटक धरून उभे होते. आम्ही कोपऱ्यावर वळलो तेव्हाही उभेच होते.

छाया आता बर्मिंगहॅमला असते. इचलकरंजीच्या मगदूमांच्या घरातली ती पहिली पदवीधर, आणि तिच्या युनिटची प्रमुख आहे. गुप्ते काका साउथहॅम्प्टनला, आपल्या घरात, एकटे राहतात.